समोरच्या दारातील काकूंस

वडोदरा,
मे २०२२

आदरणीय काकूंस,
सप्रेम शालोम आणि शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे दार आमच्या दारापासून सहा पावलांवर आहे, त्यामुळे हे पत्र मला तुमच्या हातातच देता आले असते. परंतु गेल्या दोन वर्षांत मी जेव्हा जेव्हा आभाराचा शब्द काढला, तेव्हा तेव्हा 'शेजाऱ्याचे कसले आभार मानायचे' असे म्हणून तुम्ही मला गप्प केलेत. म्हणून जे समोरासमोर बोलू दिले नाहीत, ते मी चारचौघांसमोर लिहितो आहे. तुमचे नाव कुठेही यायचे नाही ही तुमची अट मी पाळली आहे आणि त्याच न्यायाने आमच्याही घरातले कोणाचे नाव लिहिलेले नाही.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून आमच्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी आमच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यात परंपरेने चालत आलेली कथा आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी मात्र घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मुंबईत १७९६ साली सामुएल इझेकिएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग उभारले, आणि तोवर बेने इस्राएलांना स्वतःचे असे प्रार्थनालयच नव्हते. ग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता. होता तो 'शेमा इस्राएल' हा एक मंत्र, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि शनिवारची विश्रांती. पुढे पलटणी आणि रेल्वे यांच्या नोकऱ्यांबरोबर आमची माणसे गुजरातेत आली. माझे आजोबा असेच बडोद्यात आले आणि वडील, ज्यांना तुम्ही 'अण्णा' म्हणत होतात, प्रतापनगरच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झाले. बडोद्यात आमची घरे मोजकीच आहेत. संपूर्ण गुजरातेत सिनेगॉग एकच, अहमदाबादच्या खमासा भागातले १९३४ सालचे मागेन अब्राहाम, आणि ते आपल्या सोसायटीपासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशभरातल्या सर्व प्रार्थनास्थळांबरोबर तेही दार बंद झाले. देवळाला जाता आले नाही तरी घरच्या देव्हाऱ्यापुढे पूजा होते, तसे आमचेही निभावेल असे अनेकांना वाटले असेल. एकट्याची प्रार्थना आमच्यातही होते. पण काही गोष्टींना किमान दहा प्रौढ पुरुष एके ठिकाणी जमावेच लागतात. दहा जण नसतील तर सेफेर तोराची, म्हणजे हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडून सार्वजनिक वाचन करता येत नाही, आणि मृतांच्या स्मरणार्थ म्हणायचा कद्दिशही म्हणता येत नाही. शिवाय प्रार्थनेनंतर आमच्यात 'हातबोशी' असते: वडीलधारा माणूस शेजाऱ्याच्या हाताला हात लावतो, दोघेही आपली बोटे ओठांशी नेतात आणि तो स्पर्श पुढे हातोहात साऱ्यांपर्यंत जातो. ज्या रोगात स्पर्शाचेच भय होते, त्यात या रीतीचे काय होणार हे अण्णांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. अमुक एक महिन्यात सारे सुरळीत होईल असे आम्ही म्हणत असू, तेव्हा ते काही बोलत नसत, फक्त आपल्या हाताकडे पाहत असत.

तुमची पहिली मदत पेसाहच्या सणाची. ८ एप्रिल २०२० च्या संध्याकाळी सण सुरू होणार होता. या सणाचे आठ दिवस घरात खमिराचा कण राहू द्यायचा नसतो आणि बिनखमीर भाकरी, म्हणजे मत्सा, खावी लागते. दरवर्षी ती बाहेरून मागवत असू. त्या वर्षी कुठूनच काही येण्याची आशा नव्हती. घरीच करायची तर बाजारचे पीठ चालत नव्हते, कारण दळण्याआधी गहू ओला झालेला नाही याची खात्री कोण देणार? पाणी लागले की धान्य आंबू लागते असे मानतात. माझ्या पत्नीने हे सहज बोलता बोलता जिन्यात तुम्हाला सांगितले. तुम्ही 'बघते' एवढेच म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरातून ब्रशचा आवाज येऊ लागला. तुम्ही घरघंटी सोडवून तिचा एकेक भाग कोरड्या फडक्याने आणि दात घासायच्या नव्या ब्रशने साफ करत होतात, कारण आदल्या आठवड्यात तिच्यात बाजरी आणि चण्याची डाळ दळली होती. गहू धुऊन वाळवून दळण्याची तुमची आयुष्यभराची सवय. तो तुम्ही धुतला नाहीत. परातीत घेऊन, चष्मा लावून, एकेक दाणा निवडलात आणि चार किलो पीठ दळून, नव्या पिशवीत भरून आमच्या दाराशी स्टुलावर ठेवलेत.

मत्सा करताना पिठात पाणी पडल्यापासून भाकरी भाजून होईपर्यंत अठरा मिनिटांच्या आत सारे आटपावे लागते, आणि पाणीही रात्रभर ठेवलेले हवे. त्या दुपारी तुम्ही तुमच्या दारात खुर्ची टाकून, तोंडाला पदर गुंडाळून, मोबाइलचे घड्याळ लावून बसलात आणि आमच्या उघड्या दारातून आत हाका देत राहिलात: पाच झाली, नऊ झाली, आता मळणे थांबवा. माझी पत्नी लाटत होती, मी काट्याने भोके पाडत होतो, अण्णा तव्यापाशी. पहिले दोन घाणे वेळेत बसले नाहीत म्हणून बाजूला काढावे लागले, तेव्हा हळहळ आमच्यापेक्षा तुम्हालाच अधिक झाली. तिसरा घाणा सोळाव्या मिनिटाला उतरला. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्या घरांत किद्दूशला, म्हणजे सणाच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचे सरबत करण्याची रीत जुनी आहे. त्या मनुकाही तुमच्याच फडताळातून आल्या. अण्णांनी त्या रात्री मिसर देशातून सुटकेची कथा मराठीत सांगितली. ऐकायला आम्ही दोघेच होतो, तरी त्यांनी एकही भाग गाळला नाही.

मला नंतर अनेकदा वाटले की, तुम्ही आमचे नियम इतक्या चटकन समजून घेतलेत त्याचे कारण तुमच्या स्वतःच्या घरातले सोवळे असावे. सोवळ्याचा स्वयंपाक कोणता, कशाला शिवायचे नाही, कोणते भांडे कुठे ठेवायचे हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला 'असे का' हा प्रश्न पडत नाही. 'नेमके कसे' हा पडतो. तुम्ही कधीही 'असे का' विचारले नाहीत.

शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीची, गोष्ट अशीच. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी माझी पत्नी काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल तेल घालून वाती लावते. त्यानंतर शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आम्ही दिवा लावत नाही, विझवत नाही, विजेचे बटण दाबत नाही. दुसऱ्याला 'अमुक कर' असे सांगणेही बसत नाही. अण्णांची दृष्टी अधू, आणि शुक्रवारी दिवा लावायचा राहून गेला की शनिवारची पूर्ण पहाट अंधारात. निर्बंध थोडे सैल झाल्यावर तुम्ही शनिवारी मुखपट्टी लावून, 'गुजरात समाचार' हातात घेऊन येऊ लागलात. दारातून आत आल्या आल्या 'मला अक्षर दिसत नाही बाई' म्हणून दिवा लावायचा आणि 'मला उकडते आहे' म्हणून पंखा. मग खिडकीपाशी बसून बातम्यांचे तिथल्या तिथे मराठी करत अण्णांना वाचून दाखवायच्या. ज्याने स्वतःसाठी दिवा लावला त्याच्या उजेडात आम्हाला बसता येते, हा बारकावा तुम्हाला कोणी शिकवला हे मला ठाऊक नाही. अण्णांनी मात्र ते जाणले होते. ते एकदा मला म्हणाले, कोकणात आपल्या लोकांना 'शनवार तेली' हे नाव शेजाऱ्यांनी दिले. आपला शनिवार शेजाऱ्यांच्या ध्यानात राहिला म्हणून आपल्याही ध्यानात राहिला.

आता पडद्यावरच्या प्रार्थनेविषयी. जून २०२० मध्ये प्रार्थनास्थळे अटींसह उघडली, पण ६५ वर्षांवरील माणसांनी घरीच राहावे अशी सूचना होती आणि अण्णा ८० च्या पुढचे. ओळखीची आठ-दहा घरे मोबाइलवर एकत्र जमू लागली. यावर आमच्यात तेव्हा पुष्कळ मतभेद होते आणि आजही आहेत: इस्राएलमधल्या सेफार्दी परंपरेच्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्या वर्षीच्या पेसाहला एकाकी वृद्धांसाठी सणाच्या रात्रीही पडदा चालू ठेवण्याची मुभा दिली, तर इतर अनेकांनी तिला ठाम विरोध केला. आम्ही सण आणि शब्बाथ वगळून, आठवड्याच्या दिवशी आणि शुक्रवारी दिवे लावण्याआधी एवढेच जमायचे ठरवले. एलुल, म्हणजे आमच्या नव्या वर्षाआधीच्या महिन्यात पहाटे सेलिहोथच्या क्षमायाचना असतात. ऑनलाइन शिकवण्या घेऊन तुमचा हात बसलेला, म्हणून पहिला आठवडाभर तुम्ही पहाटे साडेचारला उठून आमच्या दारात उभ्या राहिलात आणि कुठले बटण दाबले की दुसऱ्यांचा आवाज येतो आणि आपला जातो हे अण्णांना शिकवलेत. आठव्या दिवशी त्यांनी तुम्हाला झोपू दिले. त्यांचे त्यांना जमू लागले होते.

शोफारच्या, म्हणजे नव्या वर्षाला फुंकायच्या शिंगाच्या, बाबतीत मात्र पडदा कामाचा नव्हता. विहिरीत शिंग फुंकले आणि ऐकणाऱ्याच्या कानी केवळ प्रतिध्वनी आला तर कर्तव्य पुरे होत नाही, असे मिश्ना या आमच्या प्राचीन धर्मशास्त्रात स्पष्ट म्हटले आहे; यंत्रातून आलेला आवाजही आम्ही तसाच मानतो. नव्या वर्षाचा पहिला दिवस शनिवारी आला, त्या दिवशी शोफार वाजवत नाहीत, म्हणजे २० सप्टेंबरचा रविवार हाच एक दिवस हाती होता. अण्णांच्या छातीत पूर्वीचा दम नव्हता. महिनाभर मी कोंबडीच्या पिलासारखे आवाज काढत शिकत होतो आणि पलीकडे तुम्ही ऐकत होतात. शंख फुंकणाऱ्या घरातल्या तुम्ही. 'ओठ सैल सोडू नका, गाल फुगवू नका, वारा पोटातून येऊ द्या' हे तुमचेच सांगणे. त्या दिवसांत कोणताही मोठा आवाज आला की माणसे दचकत असत, म्हणून आदल्या दिवशी तुम्ही सोसायटीतल्या प्रत्येक घरी फोन करून कळवलेत की उद्या सकाळी शिंग वाजेल, काळजीचे कारण नाही. तेकिया, शेवारीम, तेरुआ असे तीस नाद मी गच्चीत उभा राहून वाजवले. शेवटचा तेकिया लांबला तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. शेजारच्या इमारतीतली एक लहान मुलगी पुढे कित्येक दिवस मला 'शिंगवाले काका' म्हणत होती.

किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवसाला आमचे पूर्वज 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा आणि दिवसभर कोणाशी संबंध ठेवायचा नाही. २८ सप्टेंबर २०२० ला तो आम्ही पूर्वजांसारखाच केला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्या दिवशी दार बंद असणे हे दुःख नव्हते, एवढेच सांगतो.

यापुढचा भाग लिहिणे मला कठीण जाते.

एप्रिल २०२१ मध्ये अण्णा आजारी पडले तो शुक्रवारच होता. शनिवारी दुपारी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा तर त्यांनी हात आखडून घेतला. जिवाला धोका असेल तेव्हा शब्बाथ मोडणे हेच कर्तव्य, आज्ञा माणसाने जगावे म्हणून दिलेल्या आहेत, अशा वेळी विचारत बसणे हाच दोष, हे सारे त्यांनीच मला लहानपणी शिकवले होते. तापात त्यांना त्याचा विसर पडला. तुम्ही दारातूनच कडक आवाजात म्हणालात, 'अण्णा, तुमच्याच शास्त्रात काय आहे ते तुम्हीच मला सांगितले आहे, हात पुढे करा.' त्यांनी हात पुढे केला. खाट मिळेपर्यंत तुम्ही तुमच्या फोनवरून आणि मी माझ्या फोनवरून किती ठिकाणी विचारले याची गणती नाही. मंगळवारी रात्री रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला.

आमच्यात मृताला विधिपूर्वक स्नान घालतात, कोऱ्या पांढऱ्या सुती कापडाची हाताने शिवलेली वस्त्रे घालतात आणि होईल तितक्या लवकर दफन करतात. तेव्हाच्या नियमांप्रमाणे स्नान शक्य नव्हते. देह बंद पिशवीतच मिळणार होता. वस्त्रे निदान पिशवीवर पसरता येतील असे अहमदाबादच्या वडीलधाऱ्यांनी फोनवर सांगितले. पण रात्री आठनंतर संचारबंदी, दुकाने बंद, आणि घरात कोरे कापड नाही. तुम्ही ट्रंकेतून मांजरपाटाचा ठेवणीतला तागा काढलात आणि जमिनीवर बसून सदरा, सुरवार, टोपी आणि चादर शिवायला घेतलीत. या शिवणीत दोऱ्याला गाठ मारायची नसते. पन्नास वर्षे टाका घालताना बोटे आपोआप गाठ मारत आलेली. तीनदा तुमच्याकडून गाठ पडली आणि तिन्ही वेळा तुम्ही काही न बोलता पूर्ण शिवण उसवून पुन्हा आरंभ केलात. मी दारात बसून तुमच्या हातांकडे पाहत होतो. मुख्य म्हणजे त्या रात्री मला दुसरीकडे कुठे पाहायचे हे कळत नव्हते. पहाटे चारला तुम्ही घडी करून ती वस्त्रे माझ्या हातावर ठेवलीत.

दफनाला आम्ही चौघेच होतो. ९१वे स्तोत्र वाचले, माती दिली. दहा पुरुष नसल्यामुळे कद्दिश म्हणता आला नाही.

घरी परतलो तेव्हा दाराशी स्टुलावर स्टीलचा तीन पुडांचा डबा होता: अख्ख्या मसुराची आमटी, भात, आणि वरच्या पुडात लिंबाची फोड. दफनानंतरचे पहिले अन्न शोक करणाऱ्याने स्वतःच्या घरचे खायचे नसते, ते शेजाऱ्यांनीच द्यावे लागते, आणि ते मसुरासारखे गोल असावे असा आमचा संकेत आहे. हे आम्ही तुम्हाला सांगितले नव्हते. अण्णांनीच कधीतरी, शनिवारच्या बातम्या संपल्यावर, सांगून ठेवले असले पाहिजे.

मुलाने अकरा महिने कद्दिश म्हणायचा असतो, आणि त्यातले पहिले तीन महिने माझे न म्हणताच गेले. पडद्यावर जमलेल्या माणसांना दहा धरावे की नाही या वादात मी शिरलो नाही. अण्णांनी ते धरले नसते. रोज सकाळी त्यांच्या नावाने एक स्तोत्र वाचत असे. जून २०२१ मध्ये प्रार्थनास्थळांची दारे पुन्हा उघडली आणि जुलैतल्या एका गुरुवारी तुम्ही तुमच्या मुलाला रजा घ्यायला लावून, पहाटे गाडी काढून, आम्हाला अहमदाबादला नेलेत. तिथे माणसे एकेक करून येत होती आणि तुम्ही काळजीने बोटावर मोजत होतात. एका वृद्ध गृहस्थांनी तुम्हाला हळूच सांगितले की आमच्यात माणसांना अंकांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचे एक वचन आहे, त्याचा एकेक शब्द एकेका माणसापाशी म्हणतात. तुम्ही ते वचन त्यांच्याकडून कागदावर देवनागरीत उतरवून घेतलेत आणि स्त्रियांच्या बाजूला बसून नवव्या शब्दावर पाऊण तास थांबलात. दहावा माणूस आत आला तेव्हा तुमचा तो शेवटचा शब्द मला पुरुषांच्या बाजूलाही ऐकू आला. तेव्हाच मला उभे राहता आले. मी कद्दिश म्हटला.

काकू, तो तीन पुडांचा डबा वर्षभर आमच्याकडेच आहे. भरून आलेले भांडे रिकामे परत करू नये ही रीत तुमच्याकडे आहे तशीच आमच्याकडेही आहे, आणि त्यात काय घालून द्यावे हे आम्हाला इतके दिवस ठरवता आले नाही. आमच्यात नवस फेडायचा किंवा उपकाराची जाणीव ठेवायची असेल तेव्हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने मलिदा करतात. वर्षाचा शोक पुरा झाला, अण्णांच्या स्मरणाचा पहिला दिवसही झाला, म्हणून काल संध्याकाळी आम्ही घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि पाच फळे. आशीर्वाद म्हणताना तुमच्या घरातल्या सर्वांची नावे घेतली आणि अण्णांच्या खुर्चीपुढेही एक वाटी ठेवली.

डबा आज सकाळी तुमच्या दाराशी त्याच स्टुलावर ठेवला आहे. खालच्या पुडात मलिदा, मधल्या पुडात फळे, आणि वरच्यात मांजरपाटाचा उरलेला तुकडा धुऊन, घडी करून ठेवला आहे. खोबरे ओले आहे, तेव्हा मलिदा दुपारपर्यंत संपवावा.

तुमचा,
समोरच्या दारातला